आसरांना घासायचं नसतं

गेल्या आठवड्यात माझ्या सुनेनं मोबाईलवरून चांदी धुवायचं औषध मागवलं. बाटली इवलीशी, किंमत विचारू नये अशी, आणि वर लिहिलेलं की नुसतं बुडवा आणि काढा. घट बसायला चार दिवस होते. मी गच्चीवरचे कपडे काढून खाली आले तर ओट्यावर वाटीत ते पाणी, शेजारी लाल फडकं उलगडलेलं आणि त्यावर आमच्या आसरा मांडलेल्या. "अगं, हात लावू नको!" असं मी ओरडले ते इतक्या जोरात, की बेळगावातल्या शहापुरात आमच्या अरुंद गल्लीत समोरच्या घरातली बाई खिडकीशी आली. जन्मभर शाळेत पोरांवर ओरडून माझा आवाज तसा तयार आहे. सून बिचारी जागच्या जागी थिजली. पण तोवर एक आसरा बुडवून झाली होती. तिचं काय झालं ते सांगेनच, पण आधी या आसरा कोण आणि त्यांना घासायचं का नसतं हे सांगायला हवं. सुनेला मी ते कधी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचं मूळ घर बेळगावजवळच्या कंग्राळीचं. तिथल्या मळ्यातल्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा पणजोबांनी साती आसरांच्या नावानं सात राणीछाप रुपये देवात ठेवले, एवढीच कथा आमच्यापर्यंत आलेली. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. कुणाच्या घरी त्यांचे दगड असतात, कुणाच्या टाक असतात. आमच्या घरी हे चांदीचे रुपयेच आसरा. थोरलीपासून धाकटीपर्यंत ओळीनं मांडायच्या, हळदकुंकू लावायचं. पुढं माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, निपाणीला तंबाखूच्या वखारीत काट्यावर, तोलायच्या कामाला लागले आणि काका मळ्यात राहिले. भांडीकुंडी वाटली गेली, पण सात बहिणींची ताटातूट कोण करणार? मग ठरलं की आसरांनी एक वर्ष कंग्राळीला राहायचं आणि एक वर्ष निपाणीला. घट बसायच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी विहिरीवर जमायचं. ज्या घरी त्या जाणार त्या घरच्या बाईनं एकेक रुपया थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या दगडावर वाजवायचा, म्हणजे आसरा जागी होते. मग तिला पाण्यात बुडवून ताटात ठेवायची. पुरुषांनी आसरांना हात लावायचा नाही, नुसतं उभं राहून ऐकायचं. त्या सात आवाजांची मला लहानपणी भीती वाटायची. रुपया वाजला की तो आवाज विहिरीत खाली उतरायचा आणि खालून कुणीतरी ओ दिल्यासारखा वर यायचा.

निपाणीचं आमचं घर दोन खोल्यांचं. आप्पा वखारीतून आले की त्यांच्या आधी तंबाखूचा वास घरात यायचा. आई दिवसभर विड्या वळायची. तिच्या कात्रीचा कचकच आवाज, मांडीवरच्या सुपातल्या जरद्याचा बारीक खकाणा आणि माझ्या शिंका, हे आमच्या घरचं संगीत. भाकरीला, ठेच्याला, अगदी उशीलासुद्धा तोच वास. देवाची पेटी आईच्या सुपापासून हातभर अंतरावर. त्या हवेनं म्हणा, लाल फडक्यानं म्हणा, आसरांवर एकेकीचा वेगळा रंग चढला होता. थोरली तव्यासारखी काळी. दुसरी काकवीच्या रंगाची. आणि तिसरी! तिच्या काठाला हिरवट झाक, आत निळं, मधे राणीच्या गालाशी जांभळं. ती हातात तिरपी धरली की रंग हलायचे. मी तिचं नाव मोरपंखी ठेवलं होतं. धाकटीचं तोंड झिजून सपाट झालेलं, तिचा रंग राखेचा. हे सगळं मला घरात सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण मी प्रत्येक वस्तू नाकाला लावून बघायची. नाकापासून वीतभर पुढचं मला काही दिसतच नव्हतं.

वर्गात फळा म्हणजे माझ्या लेखी काळा चौकोन. बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली. आप्पांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चष्मेवाल्या पोरीला कोन करून न्हेनार? एकुलती एक हाय ती, तिला आंधळी म्हनून गाजवायची व्हय?" आमच्या घरात आप्पांपुढं बोलायची रीत नव्हती. पण त्यानंतर महिन्याभरानं, आप्पा वखारीच्या कामाला दोन दिवस बाहेरगावी गेले असताना, आईनं मला बेळगावला नेलं आणि आम्ही परत आलो ते माझ्या नाकावर चष्मा घेऊन. आप्पांना सांगितलं की फुकटचं शिबिर होतं, मास्तरणीनं नाव दिलं होतं. फुकट म्हटल्यावर आप्पा नुसते गुरगुरले. मला मात्र घरासमोरच्या चिंचेच्या झाडाला इतकी बारीक बारीक पानं असतात हे त्या दिवशी कळलं. मी झाडाखाली उभी राहून रडले होते, ते आज सांगायला लाज वाटत नाही.

त्या वर्षी आसरा आमच्याकडं होत्या. चष्मा आल्यावर काही दिवसांनी मी मोरपंखीला बघायला पेटी उघडली, तर तिचे रंग गेलेले. नुसती धुरकट काळी. आईला विचारलं तर म्हणाली, "तंबाखूच्या वाऱ्यानं काळी पडली गं. ठेव ती पेटी." मला फार वाईट वाटलं. त्यात दोन वर्षांपूर्वी विहिरीवर भावकीतली एक बाई सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "निपाणीला न्हेऊन काळ्याठिक्कर करून आणत्यात आसरा. देवाचं करायला हात नगंत व्हय?" तेव्हा आईची खाली गेलेली मान मी विसरले नव्हते. आता घट बसायला दोन दिवस राहिले, आई विड्या द्यायला कारखान्यात गेली, आणि मी मनाशी ठरवलं की यंदा निपाणीच्या आसरा लखलखीत होऊन कंग्राळीला जातील. तेरा वर्षांच्या पोरीच्या अंगात शहाणपण शिरलं की घराचं काही खरं नसतं.

पितळेचे देव घासायची चिंच घेतली, चुलीतली राख चाळून घेतली आणि परसात दगडावर बसले. थोरली घासली. काळं पाणी निघालं, आणि राख धुतल्यावर आतून पांढरीशुभ्र राणी. मला इतका हुरूप आला की दुसरीला पाच मिनिटंसुद्धा लावली नाहीत. मग मोरपंखी. तिला मी जपून घासत होते. अंगठ्यानं गालावरून चिंच फिरवली, राख लावली, पाणी ओतलं. राणीचा गाल पिवळा दिसला. मला वाटलं चिंचेचा रंग राहिला, म्हणून आणखी घासलं. पिवळेपणा वाढला, नाकापर्यंत गेला. आमच्या समईचा पिवळा रंग तो, मी न ओळखायला काय झालं? चांदीच्या पातळ मुलाम्याखाली पितळ होतं. आपल्या घासण्यानं आसरा कोपली, असंच मला पहिल्यांदा वाटलं.

आई परसात कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिच्या काखेत रिकामी टोपली होती. मार बसणार म्हणून मी खांदे आवळून घेतले. पण ती माझ्याजवळ खाली बसली. "आई, ही पिवळी हाय," मी म्हटलं. तिनं माझ्या नाकावरचा चष्मा काढला, पदरानं त्याच्यावरचे चिंचेचे शिंतोडे पुसले आणि परत माझ्या नाकावर ठेवला. "ह्यो बघ तुझा मोरपंखी रुपाया," ती म्हणाली. "ह्यो तुझ्या नाकावर हाय."

मग तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. बेळगावच्या चष्म्याच्या दुकानदाराला जुन्या नाण्यांचा नाद होता. मला दुकानाबाहेर बसवून आईनं सगळ्या आसरा त्याच्यापुढं मांडल्या होत्या, त्याला हवी ती एक त्यानं निवडावी म्हणून. त्यानं उजेडात एकेक तिरपी धरून बघितली आणि मोरपंखीवर बोट ठेवलं. हा रंग पन्नास-साठ वर्षं बसून चढलाय, म्हणाला, घासलेल्या रुपयाला मी नुसत्या चांदीचा भाव देईन, हिच्यावर चष्मा देतो. शहापुरातल्या एका सोनारानं आईला तिच्या जागी ठेवायला मुलाम्याचा रुपया करून दिला. आई म्हणाली, "थोरलीला हात जोडले म्या. म्हटलं, तुमच्यातली एक माझ्या पोरीच्या डोळ्यात जाऊन बसतीया, रागावू नगा." एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. मला तिचा राग आला नाही. माझ्या मोरपंखीचं वाईट वाटलं, आणि आईची इतकी माया आली की राखेनं भरलेल्या हातांनीच मी तिचे डोळे पुसले.

रडायला वेळही नव्हता. परवा विहिरीवर काकी सगळ्या भावकीसमोर आसरा वाजवून घेणार, आणि पितळ काही चांदीसारखं वाजत नाही. घरातल्या बाईनं देव विकला म्हटल्यावर काका आसरा परत आमच्या घरी पाठवणार नाहीत, आप्पांची मान खाली जाणार, आणि आप्पा आईला घरात ठेवतील की नाही याची तिला खरोखर खात्री नव्हती. "आवाजाचं मी बघती काय तरी," ती म्हणाली, "पर ह्यो पिवळा गाल लांबनं दिसंल." वर मी दोघींना पांढरं करून ठेवलेलं. तिनं आधी काळ्या करायचं मनावर घेतलं. शेजारणीकडून चार अंडी आणली, उकडली, सोलून कुस्करली, आणि एका पत्र्याच्या डब्यात वाटीत अंडी अन् भोवतीनं तिघी आसरा ठेवून झाकण घट्ट लावलं. सोनारानंच तिला ही युक्ती सांगितली होती. नवरात्राच्या तोंडावर देवाला अंडं! मी तसं म्हटल्यावर आई रडता रडता हसली. "आसरांना बकरं चालतंय, मग अंड्यानं काय हुतंय?"

दर तासाला मी झाकण किंचित उघडून बघत होते. थोरली आधी पिवळसर झाली, मग तांबूस, संध्याकाळी जांभळी, आणि सकाळी पुन्हा होती तशी काळी. दुसरीही मार्गाला लागली. नकली तिसरीसुद्धा मुलाम्याच्या जागी काळवंडली, पण गाल पिवळा तो पिवळाच. "खऱ्या चांदीलाच काळं धरतंय गं," आई म्हणाली. तिनं आपलं काजळ एरंडेलात घोटलं आणि बोटाच्या टोकानं राणीच्या गालावर दाबून दाबून बसवलं. एखाद्या तान्ह्या पोरीला तीट लावावी तसं.

घट बसायच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्ही निघालो. आईनं आसरांची पिशवी कमरेला खोचलेली. संकेश्वरला गाडीत गर्दी झाली तेव्हा आप्पा म्हणाले, "दे हिकडं, कुनी तरी मारंल." आसरांना हात लावायचा नाही, पण पिशवीला लावला तर चालतो. आप्पांचा हात म्हणजे काटाच. वखारीत ते तंबाखूची पेंडी नुसती उचलून वजन सांगायचे आणि काट्यावर तेवढंच भरायचं. त्यांनी पिशवी तळहातावर एकदा उडवली. पुन्हा एकदा उडवली. "औंदा हलकं लागतंय गं," ते म्हणाले. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "झिजत्यात न्हवं का, जुनी चांदी ती." आप्पांनी पिशवी खिशात ठेवली आणि बेळगाव येईपर्यंत ते ती वरून चाचपत राहिले. आजही कुणी हातात वस्तू घेऊन ती वर-खाली केली की मला संकेश्वरची ती गर्दी आठवते.

विहिरीवर भावकीतली वीसेक माणसं होती. काका फेटा बांधून उभे, आप्पा त्यांच्या शेजारी. काकी थारोळ्याशी उकिडवी बसली, पाठ पुरुषांकडं, समोर आई, आणि मी काकीच्या डाव्या हाताला पाण्याची घागर घेऊन. काकी म्हणजे कडक बाई. तिची थोरली मुलगी शकूताईसुद्धा तिच्या नजरेनं दबून असायची. काकीनं पिशवी उघडली आणि तिच्या नाकपुड्या जराशा हलल्या. अंड्याचा वास मलाही आला. तिनं थोरली उचलून दगडावर मारली. टण्ण! विहिरीनं ओ दिली. दुसरी वाजली, पण ती ताटात ठेवायच्या आधीच तिनं डाव्या हातानं तिसरी उचलली. तिचा अंगठा राणीच्या गालावर होता. तिनं अंगठा उचलून बघितला, तो काळा झाला होता. मग तिनं रुपया तळहातावर तोलला.

काकीनं आईकडं बघितलं. आईचे ओठ पांढरे पडले होते. मग काकीनं माझ्याकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं नाही, चष्म्याकडं. बराच वेळ. मागून काका म्हणाले, "काय गं, का थांबलीस?" काकीनं डावा हात सरळ घागरीत बुडवला आणि उजव्या हातातली दुसरीच पुन्हा दगडावर मारली. टण्ण! पुरुषांच्या बाजूनं तिची पाठ होती. त्यांनी तिसरा आवाज ऐकला. मी मात्र वीतभर अंतरावरून, आसरेनं दिलेल्या डोळ्यांनी, सगळं स्वच्छ बघितलं.

उरलेल्या चौघी वाजल्या. काकी पदर सावरत उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता हितनं फुडं आसरा वाजवायच्या न्हाईत. घासायच्या बी न्हाईत. म्हाताऱ्या झाल्यात त्या, तोंडं झिजाय लागल्यात. नुसतं पानी दावायचं." काका काहीतरी बोलणार होते, पण ती म्हणाली, "बायकांचा देव हाय, बायका बगतील." जाता जाता तिनं तो काळा अंगठा पदराला पुसला आणि माझी हनुवटी वर केली. "सुमे, चष्मा ब्येस हाय गं. नीट दिसतंय न्हवं?" मी मान हलवली.

पुढच्या वर्षी नवरात्रात आसरा आमच्याकडं यायच्या होत्या. नव्या नियमानं कुणी काही वाजवलं नाही. आई एकेक हातात घेऊन पाण्यात बुडवत होती. धाकटीवर येऊन तिचा हात थांबला, तिनं ती जरा तोलून बघितली असं वाटलं. मग आईनं काकीकडं बघितलं आणि म्हणाली, "चांगल्या हाईत सगळ्या, आक्का." काकी म्हणाली, "व्हय." आणि लगेच आईनं विचारलं, "शकू बेळगावला नर्सिंगला लागली म्हनं? लई ब्येस झालं." मला वाटलं, आईच्या मनात आपली तिसरी आहे म्हणून हात थांबला. तेरा-चौदाव्या वर्षी माणूस फक्त स्वतःचीच गोष्ट बघतं.

आता आई नाही, काकी नाही. दोन्ही घरांत मुलीच, म्हणून पाळी शकूताई आणि माझ्यात चालते. ती चिकोडीला, नर्स म्हणून नोकरी करून आता आराम करते. मळ्याचे प्लॉट पडले, विहिरीवर लोखंडी जाळी बसली, आणि आम्ही आसरांना बादलीतलं पाणी दाखवतो. इतकी वर्षं मी त्यांना ना वाजवलं ना घासलं. मला वाटायचं, काकीचा नियम मी आईसाठी पाळते आहे.

त्या दिवशी ओरडून झाल्यावर मी ओट्यापाशी गेले. सून म्हणाली, "अहो आई, ही पिवळी का दिसतेय?" मी मनात म्हटलं, सापडली शेवटी, आईची तिसरी. चष्मा पुसून बघितलं. राणीचं तोंड झिजल्यासारखं सपाट, पण झिजलेलं नव्हे, तसंच ओतलेलं. कपाळावर पितळ उघडं. ती धाकटी होती. तिसरी फडक्यावर आपल्या जागी, गालावर काजळ घेऊन काळी बसलेली.

मी खुर्चीवर बसले आणि चिकोडीला फोन लावला. शकूताईला विचारलं, तुझी नर्सिंगची ट्रंक, कपडे, पहिली फी, हे सगळं कुठून आलं होतं? ती म्हणाली, "मामानं दिलं असं आई म्हनली. दादा नगंच म्हनत हुते." दादा म्हणजे माझे काका. मग स्वतःच म्हणाली, "सुमे, पर मामाकडं तरी कुठलं गं? त्योच आमच्याकडं जोंधळं न्यायला यायचा. का इचारतीस?" मी तिला सगळं सांगितलं. एकटी धाकटी एवढ्याला पुरली नसणार, काकीनं आणखी कुठं कुठं हात घातला असेल कोण जाणे. मग ती एवढंच म्हणाली, "औंदा घटाला मी येती."

सून सगळं ऐकत उभी होती. डोळे पुसून तिनं विचारलं, "मग यातल्या खऱ्या किती, आई?"

"सात," मी म्हटलं.

तिनं बाटलीचं झाकण लावलं, वाटीतलं औषध मोरीत ओतलं. मग फ्रीज उघडून विचारलं, "दोन अंडी पुरतील का?"